पाळकाची साक्ष

माझ्या धाकट्या भावाला बॉक्सिंग क्लबातली सगळी मुलं पाळक म्हणतात. सुरुवातीला टवाळी म्हणून म्हणायची, मग सवय पडली, आणि आता तर आमच्या चर्चचे खरे पाळकसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारतात. तो आहे बॉक्सिंगचा शिक्षक. नाक दोनदा मोडलेलं, डावा कान चुरगळलेला, आवाज मात्र इतका मऊ की नव्या माणसाला वाटावं, हा बालवाडीत शिकवतो. मी त्याची थोरली बहीण. शिवणकाम करते. क्लबात टांगलेल्या ज्या पोत्यांना मुलं बडवतात, त्यांत माझ्याच दुकानातली कातरणं भरलेली असतात. म्हणजे रोजचा थोडा मार माझ्याही वाट्याला येतो.

आम्ही दोघं एकाच घरात, एकाच प्रार्थनेवर वाढलो, पण तो देवाशी हात जोडून बोलतो आणि मी कमरेवर हात ठेवून. देव दोघांचंही ऐकतो असं आई म्हणायची. मला त्याचा फारसा पुरावा मिळालेला नाही, तरी मी बोलणं सोडलेलं नाही.

क्लब म्हणजे एका जुन्या गोदामाचा वरचा मजला. खाली धुलाईचा कारखाना आहे. जिना चढताना आधी साबणाचा वास येतो आणि अर्ध्यावर गेलं की घामाचा आणि ओल्या चामड्याचा. वर एक रिंग, तिच्या दोऱ्यांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दाराजवळ मोठा वजनकाटा. सराव सुरू होण्याआधी भाऊ रिंगच्या मध्यभागी उभा राहून मिनिटभर प्रार्थना करतो. ज्याला यायचं त्याने यावं, ज्याला नको त्याने बुटाच्या नाड्या बांधाव्यात, असा नियम. काहींच्या नाड्या वर्षानुवर्षं नेमक्या त्याच वेळी सुटतात. त्यांना त्याने कधी शब्दाने दुखवलं नाही.

सराव संपला की सगळ्यांच्या हाताच्या पट्ट्या तो गोळा करतो आणि खाली बसून बादलीत स्वतः धुतो. त्या पट्ट्यांना जो वास असतो तो सांगण्यासारखा नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, खाली अख्खा कारखाना आहे आणि तू वर कसला घाट घातलायस?"

तो म्हणाला, "ताई, ज्याच्या पट्ट्या आपण धुतो ना, त्याच्यावर ओरडायला तोंड उघडत नाही. माझं ओरडणं कमी व्हावं म्हणून धुतो."

एका लढतीत समोरच्या मुलाची भुवई फुटली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आता तिथेच मार. याने आपल्या मुलाला कोपऱ्यात बसवून सांगितलं, डोळ्याला हात लावायचा नाही. मुलगा हरला. क्लबचे चिटणीस सगळ्यांसमोर ओरडले, "हा क्लब आहे की प्रार्थनासभा?" भाऊ पट्ट्या गोळा करत राहिला. हरलेला मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी नाड्या न बांधता प्रार्थनेला येऊन उभा राहिला. असा त्याचा प्रचार. न बोलता करायचा तेव्हा त्याला तोड नव्हती. घोळ झाला तो बोलण्यात.

या खेळात मार खाण्याआधी भूक खावी लागते. प्रत्येकाचा वजनगट ठरलेला. लढतीच्या सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि वजन जास्त भरलं तर न लढताच घरी जायचं. म्हणून आदल्या दिवसापासून मुलं अन्न तोडतात, पाणी तोडतात, प्लास्टिकचा कोट घालून घाम काढतात. खालच्या कारखान्याच्या बॉयलरची खोली त्यासाठीच वापरायची. भावाला हे मुळीच आवडत नसे. पण सगळे क्लब करतात, आपण नाही केलं तर आपली मुलं वरच्या गटातल्या दांडग्यांकडून मार खातील, हे त्यालाही कळत होतं. मग त्याने त्यातून एक वाट काढली. तो स्वतःही त्या दिवशी काही खायचा-प्यायचा नाही आणि मुलांबरोबर त्या भट्टीत जाऊन बसायचा. ते सगळे मिळून गाणी म्हणायचे. त्याला तो 'उपास' म्हणायचा.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "देवाला काट्याला कशाला जुंपतोस?"

"ताई, निदान ती एकटी नसतात," तो म्हणाला, आणि हेही खरंच होतं. रडत वजन उतरवणारी मुलं आता गात उतरवायची. पण देवासाठी उपाशी राहणं आणि काट्यासाठी उपाशी राहणं, यातला फरक त्या वाफेत कधी विरघळला, ते त्याला कळलं नाही.

तिथेच तो आपली साक्ष, म्हणजे देवाने आपल्याला कसं तारलं त्याची गोष्ट, सांगायचा. चर्चमध्ये, शिबिरांत, बक्षीस समारंभांत ती शंभरदा झाली असेल. तरुणपणी त्याची अंतिम लढत होती, वजन जास्त भरत होतं. त्याने पाणी तोडलं. आदल्या दिवसापासून लढतीच्या घंटेपर्यंत एक थेंब घशाखाली गेला नाही. पायांत त्राण नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि तिसऱ्या फेरीत प्रभूने त्याचा हात धरला. तो जिंकला. ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

मुंगी त्या साक्षीवर वाढली. तिची आई खालच्या कारखान्यात इस्त्री करते. पोर शाळेतून येऊन आईला हातभार लावायची, आपल्याहून मोठं गाठोडं डोक्यावर घेऊन जिना चढायची, म्हणून मुलांनी नाव ठेवलं मुंगी. एकदा गाठोडं ठेवून ती पोत्यावर दोन ठोसे मारून गेली, आणि भावाने हातातली बादली खाली ठेवली. नंतरची काही वर्षं त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. ती सर्वांत हलक्या गटात लढायची आणि मोठ्या गटातल्यांना घाम फोडायची. पहिलं वर्ष तिने नाड्या बांधल्या. मग एके दिवशी प्रार्थनेला येऊन डोळे मिटून उभी राहिली. आई म्हणाली, "माझी पोर आधी घरी येऊन भांडायची. आता बाहेरच मारामारी उरकून येते आणि गाणी म्हणत भांडी घासते. तुमचं काय ते चालू द्या."

निवड स्पर्धेची अंतिम फेरी होती. जिंकली तर राष्ट्रीय शिबिरात जागा. मीही गेले होते, तिचा झगा मीच शिवला होता. सकाळी काट्यावर ती किंचित जास्त भरली. थोडा वेळ मिळाला. त्यात तिने कोट घालून दोरीवरच्या उड्या मारल्या, तोंडातली लाळसुद्धा थुंकून टाकली, आणि पुन्हा काट्यावर उभी राहिली तेव्हा बसली गटात. भावाने लगेच मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "सावकाश, घोट घोट पी. आणि तासाभराने भात खा." "हो सर," ती म्हणाली. भाऊ मग कागदपत्रांत अडकला. दुपारी तिच्याकडे रिकामी बाटली होती. त्याला बरं वाटलं.

दोन फेऱ्यांच्या मधे खेळाडू कोपऱ्यात बसतो, शिक्षक तोंडात पाणी ओततो, तो खळखळून चूळ भरतो आणि बादलीत थुंकतो. सगळेच थुंकतात. पोट जड होऊ नये म्हणून तसंच शिकवतात. मुंगी थुंकली, तेव्हा कोणाला काय वाटणार?

ती जिंकली. पंचांनी तिचा हात वर केला, तेव्हा तिने सरांनी शिकवल्याप्रमाणे आधी हरलेल्या मुलीच्या कोपऱ्यात जाऊन तिला मिठी मारली. मग पायऱ्या उतरून बाकावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता काहीतरी भलतंच बोलायला लागली, आईने गाठोडी कुठे ठेवलीत, घंटा का वाजत नाही. मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला, आणि घामाचा एक थेंब नव्हता. ती माझ्या अंगावरच कोसळली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा एकच विचारलं, हिच्या पोटात शेवटचं पाणी कधी गेलं? भाऊ म्हणाला, सकाळी बाटलीभर. त्यांनी मान हलवली. "शक्य नाही. शरीर पार सुकलंय. त्यात उष्णतेने आणि लढतीने स्नायू फुटलेत, त्याचं विष रक्तात उतरलंय. दोन्ही किडन्या बंद पडल्या आहेत."

"सुरू होतील ना?"

"यंत्रावर ठेवतोय. काही जणांच्या होतात. आज मी काहीच सांगू शकत नाही."

तेव्हा मुंगीची सरावातली जोडीदारीण भिंतीला टेकून रडायला लागली. मी तिला धरून हलवलं, म्हटलं, काय असेल ते बोल. ती म्हणाली, "तिने बाटली मोरीत ओतली. बोलली, सरांनी घंटेपर्यंत पाणी घेतलं नव्हतं, मीपण नाही घेणार. प्रभूला शब्द दिलाय. मला शपथ घातली होती हो कुणाला सांगायचं नाही म्हणून."

भावाचा चेहरा मी पाहिला. एरवी मला त्याची दया येते. त्या क्षणी माझ्याने राहवलं नाही.

"आणि माझं पाणी?" मी म्हटलं. "माझं पाणी कुठे गेलं रे?"



खरी गोष्ट अशी, की त्या लढतीआधी सभागृहाच्या मागच्या दारात मीच त्याला पाणी पाजलं होतं. एक घोट नाही, पोटभर. साक्षीच्या पहिल्या काही वेळा मी तिच्यात होतेसुद्धा. मग एका शिबिरात वेळ कमी होता, थोडक्यात सांगा म्हणाले, तर मी गाळले गेले. लोकांना ती आखूड साक्ष जास्त आवडली. पुन्हा काही मला कोणी आत घेतलं नाही. मी त्याला तोंडावर सांगायचे, अरे, मला निदान दाराबाहेर तरी उभी ठेव. तो हसायचा. "ताई, देवाने सांभाळलं ना? मग झालं तर." मला वाटतं, पुढे पुढे तो खरंच विसरला होता. इतक्या वेळा रडून सांगितलेली गोष्ट माणूस खोटी कशी मानेल?

आता त्याला आठवलं. तो तिथेच फरशीवर बसला. म्हणाला, "ती उठेपर्यंत मी अन्नपाणी घेणार नाही."

खोड जाता जात नाही ती अशी. मी डबा आणला, त्याने दूर सारला. पाण्याचा पेला पुढे केला, तोंड फिरवलं. चर्चची माणसं आली, खरे पाळक आले, त्याच्या शेजारी गुडघे टेकून म्हणाले, तूच प्रार्थना कर, तुझी पोर आहे. त्याने तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच राहिलं. मग लहानपणी हरवल्यावर बघायचा तसं माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, येत नाहीये. काहीच येत नाहीये." त्याच्याशी मी आयुष्यभर वाद घातला तो या भरवशावर, की दोघांतला एक तरी देवाच्या बाजूने आहे.

मुंगीची आई कामावरून तशीच आली होती, हाताला इस्त्रीचे डाग. काचेतून आत बघत उभी राहायची, बस. जोडीदारणीने तिला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही भावाच्या थोबाडीत मारेल, आणि मारलं तर मी अडवणार नाही, असंही मी ठरवलं होतं. ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"उठा."

तो उठला.

"एक आत उपाशी पडलीय, दुसरे तुम्ही बाहेर बसलाय. तुमच्या देवाला जेवलेली माणसं चालत नाहीत का हो?"

"बाई, मी तिच्यासाठी..."

"तिच्यासाठी काय? तिनेपण कुणासाठी तरीच केलं ना? ती उद्या शुद्धीवर येईल आणि विचारेल, सर जेवले का. नाही म्हटलं तर तीपण तोंड मिटून घेईल. माझी पोर आहे, मला ठाऊक आहे. माझं नाही ऐकत ती. तुमचं ऐकते." तिने डबा त्याच्यापुढे सरकवला. "डबा उघडा."

त्याने डबा उघडला. ती समोर उभी राहिली, लेकराला भरवताना आई राहते तशी, पण डोळ्यांत माया नव्हती. तो एकेक घास घशाखाली ढकलत होता आणि नाकातून, डोळ्यांतून पाणी भातात पडत होतं. डबा रिकामा झाला तेव्हा ती परत काचेपाशी जाऊन उभी राहिली. आम्हा दोघींपैकी कोणीही त्याला शाब्बास म्हटलं नाही.

दिवस कसे गेले ते मला विचारू नका. यंत्र लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. किडन्या हलायचं नाव घेत नव्हत्या. क्लबला कुलूप होतं. चिटणीसांनी निरोप पाठवला की क्लबचा याच्याशी संबंध नाही, ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने केलं. भाऊ ऐकून म्हणाला, "बरोबर आहे."

मग एका सकाळी मुंगीने डोळे उघडले. आम्हाला वाटलं, जिंकलो. आई आत धावली, तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. पोरीचे ओठ फुटलेले, जीभ जड. पहिला शब्द आला तो "पाणी".

भावाने झेप घेऊन पेला उचलला, आणि परिचारिकेने त्याचा हात धरला. "थांबा. असं नाही देता येणार."

"अहो, ती मागतेय!"

"किडन्या बंद आहेत दादा. लघवीच होत नाही, मग पाणी जाणार कुठे? फुप्फुसात साठेल." तिने औषधाचा असतो तसा लहानसा कप टेबलावर ठेवला. "दिवसभराचं हे एवढंच. चमच्याने द्या. पुरवून पुरवून."

भाऊ त्या कपाकडे बघत राहिला. ज्या पोरीला पाणी पी म्हणून बाटली दिली, तिने ओतून टाकली. आज ती हात पसरून मागत होती, आणि नळ चार पावलांवर वाहत होता. मी तोंडात पदर कोंबून बाहेर जाऊन आले.

तो तिच्या उशाशी बसला. चमचा बुडवून ओठांशी नेला. तिने तो थेंबभर घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

"अजून."

"थोड्या वेळाने, बाळा."

"सर," ती म्हणाली. आवाज कागद घासल्यासारखा येत होता. "तुम्ही कसं सोसलं हो? तेव्हा. मला नाही सोसवत."

मी दाराशी होते. आई पायथ्याशी होती. तो आताही म्हणू शकला असता, प्रभूने बळ दिलं, तुलाही देईल. तिला तेच हवं होतं. मलाही, देवाशपथ, त्या क्षणी तेच हवं होतं. पोरीच्या हातात धरायला दुसरं होतं काय?

"मी नाही सोसलं," तो म्हणाला. "मी पाणी प्यायलो होतो."

तिला कळलं नाही.

"ताईने आणलं होतं. वजन झाल्यावर, लढतीच्या आधी. पोटभर प्यायलो. आधी सांगायचो, मग सांगणं सोडलं. तू ऐकलंस ते खोटं होतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. अंगात बळ असतं तर तिने त्याला मारलं असतं. मग तिच्या डोळ्यांच्या कडा आखडल्या, पण रडायलाही पाणी नव्हतं.

"आणि प्रभूने हात धरला, ते?"

"माहीत नाही गं." त्याने चमचा कपात ठेवला. "मला आता काहीच माहीत नाही."

तिने मान भिंतीकडे वळवली. आई पुढे आली, भाऊ उठून बाजूला झाला. मग तिने तसंच भिंतीकडे बघत हाक मारली.

"ताई."

"काय गं?"

"ते पाणी थंड होतं?"

मी जवळ गेले. "हो. थंड होतं."

"सांगा ना."

मग मी तिच्या उशाशी बसून सांगायला लागले. काचेची बाटली होती, तिला मी ओलं फडकं गुंडाळलं होतं आणि अख्ख्या वाटेवर फडक्यावर पाणी शिंपडत आणली होती. मागच्या दाराला पायरी होती, तिथे सावली होती. त्याने बूच दाताने काढलं. पहिला घोट घाईत घेतला तर ठसका लागला, मी पाठ चोळली. मग तो डोकं मागे टाकून प्यायला, गळ्यावरून ओघळ सदऱ्यात गेले, आणि अर्धी बाटली झाल्यावर थांबून त्याने मोठा श्वास घेतला. तिचे डोळे मिटलेले होते. प्रत्येक घोटाला तिचा गळा हलत होता, म्हणून मी घोट सावकाश सांगितले, एकही गाळला नाही. कपात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते संध्याकाळसाठी ठेवायचं होतं.